देवळाच्या वाटेवरचा दवाखाना

1976 साली हिंमतराव बावस्कर नावाचा पंचविशीतला डॉक्टर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. रायगड हे नाव 1981 साली मिळालं. बावस्कर मूळचे आजच्या जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. घरची गरिबी, पडेल ते काम करत झालेलं शिक्षण आणि नागपूरच्या मेडिकल कॉलेजची पदवी एवढी त्यांची शिदोरी. कोकणाशी नातं काहीच नव्हतं. सरकारी हुकूम आला आणि ते सह्याद्रीच्या पायथ्याला येऊन पोचले.

तिथे त्यांनी जे पाहिलं त्यासाठी पुस्तकांनी त्यांची तयारी करून घेतलेली नव्हती. दुपारपर्यंत शेतावर राबणारी धडधाकट माणसं, अंगणात खेळणारी पोरं, विंचू चावल्यावर रात्रीतून दगावत होती. विंचू चावला तर दुखतं, माणूस मरत नाही, अशी शहरातल्या डॉक्टरांची सर्वसाधारण समजूत होती. महाड-पोलादपुरातल्या बायाबापड्यांना मात्र लाल विंचू काय करतो ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. काळी इंगळी दिसायला थोराड आणि भीतिदायक, पण तिच्या डंखाने जीव जाण्याचं भय कमी. बोटभर लांबीचा तांबूस विंचू चावला की घरातली जुनी माणसं गप्प होत आणि कुणीतरी भगताला आणायला धावे.

हा मुलूखच विंचवाच्या सोयीचा आहे. तांबडी माती, जांभ्या दगडाचे गडगे, कौलारू छपरं, पडवीत रचलेली लाकडं, गोवऱ्यांची रास, पेंढ्याची उडवी. एप्रिल-मे महिन्यांत राब भाजायचे म्हणून पालापाचोळा, शेणकूट, कवळं उघड्या हातांनी गोळा करायची, आणि उन्हाने तापलेला विंचू त्याच पाचोळ्यात सावलीला बसलेला. पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात भातकापणीच्या सुमाराला तेच. पायात वहाण नाही, घरात वीज नाही, निजायला जमिनीवर गोधडी. दंश व्हायचा तो बहुधा हाताच्या किंवा पायाच्या बोटाला, आणि पुष्कळदा संध्याकाळनंतर.

संध्याकाळनंतर म्हणजे कुठे, हेही पाहिलं पाहिजे. पोलादपूर महाडपासून साधारण 18 किलोमीटर, मुंबई-गोवा रस्त्यावर. एका बाजूला कशेडीचा घाट, दुसरीकडे महाबळेश्वरला चढणारा आंबेनळीचा घाट. पण गावं रस्त्यावर नाहीत. कुडपण, उमरठ, देवळे, पितळवाडी, इकडे महाडच्या बाजूला वाळण, वरंध. त्यांच्या वाड्या डोंगराच्या कुशीत आणि माथ्यावर. दिवसाउजेडी येणारी एसटी चुकली की दुसऱ्या दिवसापर्यंत सोय नाही. आजारी माणसाला डोलीत घालून चौघांनी उतरवायचं. आणि ते चौघे तरी घरी कुठे असत? घरटी एक-दोन पुरुष मुंबईत, गिरणीत नाहीतर हॉटेलात. गाव चालायचं मनिऑर्डरवर. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा ती मनिऑर्डरही आटली आणि कोकणातली कितीतरी माणसं मोकळ्या हाताने गावी परतली. कर्ज काढून रोग्याला शहरात न्यावं तर परतफेड कशाने करणार, हा प्रश्न रोग्याच्या उशाशी बसलेला असे.

अशा घरात रात्री आठ वाजता सहा वर्षांच्या पोराला विंचू डसला, तर त्या आईने काय करावं?

तिच्या हाकेच्या अंतरावर दोघे होते. एक ग्रामदैवत. काळकाई असेल, जननी असेल, भैरी असेल. गुरवाला उठवून गाऱ्हाणं घालायचं, कौल लावायचा, अंगारा आणून कपाळाला आणि डंखाला लावायचा. दुसरा भगत. तो शेजारच्या वाडीत राहायचा, हाक मारली की यायचा, पैसे मागायचा नाही किंवा मागितले तर नारळ, कोंबडी, पायलीभर तांदूळ. मध्यरात्री दार वाजवलं म्हणून तो कधी रागावत नसे. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ज्याला आपण सरसकट अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतो, तिच्या मुळाशी पुष्कळदा एवढंच असतं की संकटात जो माणूस येतो त्याच्यावर विश्वास बसतो.

विंचू उतरवायची रीत साधारण अशी. रोग्याला दिव्यासमोर बसवायचं. वेदना कुठवर चढली ते विचारायचं. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, जांघेपर्यंत. भगत तिथे बोट टेकवून पुटपुटायला लागे. निरगुडीची किंवा कडुनिंबाची डहाळी घेऊन वरून खाली झाडत यायचं. मध्येच पाण्याचा हबका, मध्येच फुंकर. मग पुन्हा प्रश्न: कुठे आहे आता? रोगी म्हणे, गुडघ्याच्या खाली आलं. आणखी झाडणं. घोट्यावर आलं. शेवटी वेदना बोटाच्या टोकाशी येऊन थांबे, आणि भगत मंतरलेलं पाणी पाजून उठे. तासा-दोन तासांत रोगी शांत झालेला असे. घरच्यांनी देवाला हात जोडले नसते तरच नवल.

हे ढोंग नव्हतं, निदान बहुतेक वेळा नव्हतं. विंचवाच्या पुष्कळशा दंशांत शरीरात विष फारसं शिरत नाही. आग होते, ठणका लागतो, रोगी तळमळतो, आणि काही तासांनी ते सगळं आपोआप ओसरतं. दहा जणांना झाडलं आणि त्यांतले सात-आठ कसेही बरे होणारच होते, तर भगताच्या नावावर सात-आठ यशं जमा होतात. उरलेल्यांबद्दल गाव म्हणे, त्याची वेळच भरली होती. भगताचाही आपल्या मंत्रावर विश्वास असे, गावाचाही असे. खुद्द एकनाथांनी विंचवाला भारुडात आणून काम-क्रोधाच्या विषाचं रूपक केलं. विंचवाचं विष आणि देवाचा उतारा ही जोडी मराठी मनात फार जुनी आहे.

घात नेमका या उताऱ्यातच होता. तो कसा, हे बावस्करांनी शोधून काढलं.

बिरवाडीला त्यांनी विंचू चावलेला प्रत्येक रोगी दाखल करून घ्यायला सुरुवात केली. साधनं जवळपास नव्हतीच. रक्तदाब मोजायचं यंत्र, स्टेथोस्कोप, कागद आणि पेन. ते खाटेशेजारी बसत आणि तासातासाला काय होतंय ते लिहून ठेवत. या नोंदींतून एक उलटी गोष्ट दिसू लागली. जो रोगी ठणक्याने ओरडत येई तो बहुतेक करून वाचे. ज्याला दंशाच्या जागी फारसं दुखत नसे, पण जो घामाने निथळत असे, सारखा ओकत असे, ज्याच्या तोंडातून लाळ गळत असे आणि हातपाय बर्फासारखे गार पडलेले असत, तो काही तासांत अत्यवस्थ होई. मुलग्यांत आणि पुरुषांत लिंग ताठ होणं हेही एक लक्षण होतं. ते सांगायला घरच्यांना लाज वाटायची म्हणून डॉक्टरला स्वतः पाहून नोंदवावं लागे. आधी रक्तदाब भयंकर चढायचा, नाडी मंद व्हायची नाहीतर सुसाट पळायची. मग धाप लागायची, खोकला सुरू व्हायचा आणि तोंडातून गुलाबीसर फेस यायचा. फुप्फुसात पाणी भरलेलं असे. हृदय थकून गेलेलं असे.

आता भगताचा तो प्रश्न आठवावा. दुखणं उतरलं का? ज्या पोराच्या अंगात विष पुरतं भिनलंय त्याच्या बोटाला दुखत नसतंच. ते पोर मलूल होऊन म्हणे, उतरलं. भगत उठे, आई पदराने पोराचा घाम टिपे आणि देवाने राखलं म्हणून सगळे निजायला जात. पहाटे धाप लागली की डोली बांधायची धावपळ. आरोग्य केंद्रात पोचेपर्यंत तोंडाला फेस आलेला असे. अशा वेळी डॉक्टरच्या हाती उरे ते मृत्यूची नोंद करणं, आणि गावात बोललं जाई की दवाखान्यात नेलं म्हणून पोर गेलं. भगताकडे बरी होतात, डॉक्टरकडे मरतात, हा हिशोब लोकांच्या डोळ्यांदेखत घडत होता. तो चूक होता, पण वेडगळ नव्हता.

बावस्करांनी ही पूर्वलक्षणं मांडणारा लेख लंडनच्या ‘द लॅन्सेट’कडे पाठवला आणि 1982 साली तो छापून आला. मुंबईच्या नामांकित रुग्णालयांतल्या डॉक्टरांनाही दुर्मीळ वाटणारा हा मान जुन्या कुलाबा जिल्ह्यातल्या एका आरोग्य केंद्रातल्या नोंदवहीने मिळवला होता. पण रोग कसा ओळखायचा ते कळलं, तरी माणूस वाचवायचा कसा हा प्रश्न शिल्लकच होता. त्या काळी अ‍ॅट्रोपिन, स्टिरॉइड, अ‍ॅलर्जीवरची इंजेक्शनं असं जे हाताशी येई ते दिलं जायचं. उपयोग होत नव्हता आणि काही औषधांनी तर नुकसानच होत होतं.

त्यांनी पुण्याला जाऊन एम.डी. केलं. आता शहरात बस्तान बसवायला काहीच अडचण नव्हती. ते पोलादपूरच्या आरोग्य केंद्रात परत आले. या एका निर्णयावर पुढचं सगळं उभं आहे. विषामुळे शरीरात अ‍ॅड्रिनलिनच्या जातीच्या रसायनांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयाला त्या आवळलेल्या नळ्यांमध्ये रक्त ढकलताना दम लागतो, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. तेव्हा हृदयाला चाबूक मारण्याऐवजी रक्तवाहिन्या सैल करायला हव्यात. प्रथम त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे शिरेतून थेंबाथेंबाने द्यायचं औषध वापरलं. त्याने फुप्फुसात पाणी भरलेले रोगी वाचू लागले. पण ते देताना मिनिटामिनिटाला रक्तदाब पाहावा लागतो, डॉक्टरला खाटेजवळून हलता येत नाही. खेड्यातल्या केंद्रात ते रोज कोण करणार? मग ते प्राझोसिनकडे वळले. रक्तदाबावरची साधी, स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी. विषाने पिसाळलेल्या ज्या अल्फा ग्राहींमुळे, म्हणजे ती रसायनं जिथे चिकटतात त्या जागांमुळे, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, नेमक्या त्याच ती रोखून धरते. वजनाच्या हिशोबाने मात्रा द्यायची, काही तासांनी पुन्हा द्यायची, हातपाय ऊबदार होईपर्यंत रोग्याला झोपवून ठेवायचं, तोंडाने पाणी पाजत राहायचं.

बस, एवढंच. वरून गार पडलेले तळवे आतून कोमट होऊ लागले की रोगी वाचला असं समजायचं. बावस्करांच्या लिखाणात ऊबदार हातापायांचा उल्लेख पुन्हापुन्हा येतो. पायाचा अंगठा हातात धरून बसायला कुठलंही यंत्र लागत नाही. ते त्या आईलाही करता येण्यासारखं होतं.

1986 साली प्राझोसिनवरचा त्यांचा आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांचा लेख लॅन्सेटमध्ये आला. प्रमोदिनीबाई त्यांच्या पत्नी आणि या सगळ्या कामातल्या बरोबरीच्या सहकारी. त्यांचं नाव मथळ्यांत मागे पडतं, पण शोधनिबंधांवर ते सतत जोडीने आहे. प्राझोसिनच्या आधी गंभीर रोग्यांपैकी शंभरातले 30 ते 40 दगावत. त्यानंतर हे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आलं. ही गोळी पुढे देशभर वापरात गेली आणि विंचवाने पछाडलेल्या इतर देशांतल्या डॉक्टरांनीही तिची दखल घेतली.

लोकांनी भगताकडे जाणं कसं सोडलं, याची तारीख नाही. भाषणांनी सोडलं नाही एवढं नक्की. फेस आलेलं पोर दवाखान्यातून चालत घरी आलं, ते वाडीने पाहिलं. पुढच्या मोसमात त्याच वाडीतून रोगी थोडा लवकर आला. लवकर आला म्हणून आणखी सहज वाचला. भगताच्या यशाचा हिशोब ज्या रीतीने जमा होत गेला होता, त्याच रीतीने दवाखान्याचा होऊ लागला. फरक एवढाच की आता वेळ भरलेले म्हणून सोडून दिलेलेही परत येत होते. देव कुणी टाकला नाही. अंगाऱ्याची पुडी उशीखाली ठेवूनच माणसं खाटेवर पडत. कोकणातल्या कुठल्याही रुग्णालयात आजही ती दिसेल. गाऱ्हाणं तेच राहिलं, ते घालायची जागा तेवढी बदलली.

आणि गाऱ्हाण्याबद्दल बोलताना महाडमधली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सगळ्यांना देवाच्या पायरीपर्यंत जायची मुभा होती कुठे? 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर आपल्या लोकांसह चवदार तळ्याचं पाणी प्यायले, आणि थोड्याच वेळात गावात आवई उठली की आता ही माणसं वीरेश्वराच्या देवळात शिरणार. त्या आवईवर जमाव चालून गेला, परत निघालेल्या लोकांची डोकी फुटली. नंतर तळं शेणा-गोमूत्राने ‘शुद्ध’ करण्यात आलं. पाण्याचा हक्क न्यायालयात शाबीत व्हायला 1937 साल उजाडलं. हा समाज असा दुभंगलेला होता. विंचू चावायचा तो शेतमजुराला, कातकऱ्याला, अनवाणी माणसाला; आणि त्यांतल्या पुष्कळांना गावच्या देवळात जाऊन कौल मागायची सोय नव्हती. त्यांचा देव वाडीतल्या दगडात आणि भगताच्या अंगात होता, कारण दुसरीकडे त्याला जागा ठेवलेलीच नव्हती. म्हणून आरोग्य केंद्राच्या एकाच खोलीत, शेजारशेजारच्या खाटांवर, सगळ्या वाड्यांची पोरं निजू लागली याचं मोल मला प्राझोसिनइतकंच वाटतं. देवावर हवाला ठेवून आलेल्या माणसाची जात तिथे विचारली जात नव्हती.

पुढे बावस्करांनी महाडमध्ये स्वतःचं रुग्णालय उभारलं आणि काम थांबू दिलं नाही. मुंबईच्या हाफकिनने विंचवावरची प्रतिविष लस तयार केली, तेव्हा ती आणि प्राझोसिन एकत्र देऊन काय होतं ते त्यांनी 70 रोग्यांवर तपासलं. दोन्ही औषधं मिळालेल्या 35 जणांपैकी 32 जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसतं प्राझोसिन मिळालेल्या 35 जणांपैकी 8. हा अभ्यास 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. मण्यारीच्या दंशावरही त्यांनी पुष्कळ लिहिलं. मण्यारही जमिनीवर निजलेल्या माणसाला रात्री चावते, तिच्या डंखाचंही दुखणं नसल्यासारखं असतं, आणि तिथेही भगताकडे गेलेला वेळ श्वासावर बेततो.

मंत्र की उपचार या प्रश्नाची महाराष्ट्राने 2013 साली फार महाग किंमत मोजली. 20 ऑगस्टला पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. त्यांनी ज्याच्यासाठी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या त्या जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांत निघाला, आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. त्याच्या अनुसूचीत एक कलम असं आहे की कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा. विंचवाचं नाव कायद्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. देवाची प्रार्थना करायला, नवस बोलायला, अंगारा लावायला हा कायदा मनाई करत नाही. अडवणं हा गुन्हा आहे. दाभोलकरांवर देवाचे वैरी म्हणून जो आरोप होत राहिला, त्याला हे कलम वाचणं हेच उत्तर आहे.

त्याच वर्षी बावस्कर आणखी एका कारणाने बातम्यांत आले. रोगी पाठवल्याबद्दल एका तपासणी केंद्राने त्यांना 1200 रुपयांचा धनादेश धाडला. तो त्यांनी परत केला आणि वैद्यक परिषदेकडे तक्रार नोंदवली. ही बाब छोटी वाटेल, पण याच लेखात ती यायला हवी. भगताला नारळ देणाऱ्या माणसाला निदान ठाऊक असे की आपण काय देतो आणि कशासाठी. डॉक्टरवर विश्वास टाकणाऱ्या खेडुताला त्याच्या पाठीमागे ठरलेला वाटा दिसतही नाही. एवढ्या कष्टाने देवळाच्या वाटेवरून दवाखान्यापर्यंत आलेल्या माणसाची ती फसवणूक आहे, आणि ती भगताच्या अज्ञानापेक्षा वाईट आहे, कारण ती जाणून केलेली असते. बावस्करांना 2022 साली पद्मश्री मिळाली. ‘बॅरिस्टरचं कार्टं’ या आत्मचरित्रात त्यांनी आपलं आयुष्य लिहून ठेवलंय. ज्यांना डॉक्टर व्हायचंय त्यांनी ते वाचावंच.

आज पोलादपूरच्या वाड्यांपर्यंत डांबरी रस्ते गेलेत, 2014 पासून 108 क्रमांकाची गाडी फोनवर येते, प्राझोसिनची गोळी मिळते. विंचू मात्र तिथेच आहेत, पाचोळ्यात आणि गडग्यात, आणि एप्रिल लागला की बाहेर पडतात. तेव्हा मुंबईहून मे महिन्यात गावी जाणाऱ्या प्रत्येकाला सांगणं आहे. लाकडं, कौलं, पेंढा हलवताना हातात काठी आणि पायात वहाण असू द्या. सकाळी चपला झटकून घाला. विंचू चावला आणि ठणका नसला तर निर्धास्त होऊ नका. घाम, ओकारी, लाळ, गार पडलेले हातपाय यांपैकी काहीही दिसलं तर एक मिनिटही न दवडता जवळचं आरोग्य केंद्र गाठा, आणि पोर लहान असेल तर लक्षणं दिसण्याचीही वाट पाहू नका. अंगारा जरूर लावा, देवीला गाऱ्हाणंही घाला. फक्त गाडीत बसल्यावर घाला.